रेणू फिरतो की फिरविला जातो? : रेणुरचनेच्या चलचित्रणातील कर्त्याचा प्रश्न

रसायनशास्त्राच्या अध्यापनात संगणकाच्या पडद्यावरील चलचित्रांचा उपयोग आता सर्वत्र रूढ झाला आहे. फळ्यावर जी रचना काढून दाखविण्यात अर्धा तास खर्ची पडे, ती आज काही क्षणांत विद्यार्थ्यांपुढे उभी राहते, फिरते आणि उलगडते. या सोयीबद्दल कोणी तक्रार करावी असे नाही. परंतु रचना दिसली म्हणजे ती समजली असे नेहमीच होत नाही, आणि काही प्रसंगी तर चित्राच्या हालचालीमुळेच गैरसमज उत्पन्न होतो. हा गैरसमज कोठून येतो आणि तो टाळण्यास व्याकरणातील एक अगदी प्राथमिक प्रश्न कसा उपयोगी पडतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. म्हणून येथे रसायनशास्त्रातील नवे काही सांगावयाचे नसून, जे ज्ञात आहे ते सांगण्याच्या रीतीचा विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते सांगलीतील एका वर्गातील प्रसंगाचे. रसायनशास्त्राच्या एका स्नेह्यांनी आपल्या स्लाइडसोबतचे मराठी निवेदन तपासून देण्याची विनंती केली, आणि त्यानिमित्ताने त्यांच्या पदव्युत्तर वर्गात बसण्याचा योग आला. विषय होता टार्टारिक अम्लाचा. पडद्यावर रेणूची आकृती होती. वाचकाकडे येणारे बंध जाड पाचरीने व मागे जाणारे बंध तुटक रेघांनी दाखविण्याचा जो संकेत आहे, त्याप्रमाणे दोन्ही हायड्रॉक्सिल गट पाचरींवर काढलेले होते. 'आता हाच रेणू मागील बाजूने पाहू,' असे म्हणून अध्यापकांनी आकृती उलटी फिरविण्याचा तयार इफेक्ट वापरला. आकृती पानासारखी पालटली. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, मागून पाहिल्यावर उजव्याचा डावा कसा झाला?' अध्यापकांचे म्हणणे असे की रेणू तोच आहे, आपण फक्त जागा बदलली. परंतु विद्यार्थिनीने गटांचा क्रम मोजून पाहिला होता, आणि तिचे मोजणे अचूक होते. पडद्यावर आता खरोखरीच दुसरा रेणू उभा होता.

१. द्राक्षातील अम्ल आणि त्याचे तीन प्रकार

हा प्रसंग टार्टारिक अम्लाच्या बाबतीत घडावा यात एक औचित्य आहे. तासगाव-मिरजेकडील द्राक्षमळ्यांचा परिचय असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे अम्ल परके नाही. द्राक्षाच्या आंबटपणात त्याचा वाटा मोठा आहे. रेणूला डावे-उजवेपण असते ही कल्पनाही याच अम्लाच्या अभ्यासातून उदयास आली. द्राक्षातील अम्लाचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळविते. टार्टारिक अम्लाच्या कारखान्यात मिळालेले, घटकांच्या दृष्टीने अगदी तसेच असलेले दुसरे एक अम्ल मात्र ती मुळीच वळवीत नसे. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी या दुसऱ्या अम्लाच्या सोडियम-अमोनियम लवणाचे स्फटिक तपासले, तेव्हा त्यांत परस्परांची प्रतिबिंबे असलेले दोन प्रकार आढळले. ते त्यांनी हाताने वेचून वेगळे केले. एकाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. अशा समसमान मिश्रणाला आज 'रॅसेमिक' म्हणतात, आणि तो शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ द्राक्षाचा घड असाच आहे.

पुढे १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात असे प्रतिपादन करून या भेदाचा उलगडा केला. टार्टारिक अम्लात असे दोन असममित कार्बन आहेत. त्यामुळे त्याचे तीन प्रकार संभवतात: एक उजवा, एक डावा आणि तिसरा 'मेसो', ज्याचे दोन अर्ध परस्परांची प्रतिबिंबे असल्यामुळे संपूर्ण रेणू प्रकाशाच्या दृष्टीने तटस्थ राहतो. उजव्या अम्लातील अणू अवकाशात प्रत्यक्ष कसे मांडलेले आहेत, हे १९५१ मध्ये बेफूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केले. त्यासाठी त्यांनी वापरलेला पदार्थही टार्टारिक अम्लाचेच एक लवण होता.

डावे-उजवेपण हा केवळ कागदावरील भेद नव्हे. कार्व्होन नावाच्या पदार्थाची दोन प्रतिबिंबरूपे आहेत; एकाला पुदिन्याच्या एका जातीचा वास येतो, तर दुसऱ्याला बाळंतशेपाच्या जातीचा. जो भेद नाकाला कळतो, तो दाखविताना पडद्याने चुकावे हे क्षम्य नाही.

२. गतीची आवश्यकता

मग चित्र हलवूच नये काय? तसे म्हणता येणार नाही. सपाट पडद्यावर स्थिर असलेली तारांची आकृती डोळ्याला सपाटच दिसते. ती फिरू लागली की तिला एकाएकी खोली येते. वॉलाख आणि ओकॉनेल यांनी १९५३ मध्ये या अनुभवाचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला. त्यांनी पडद्यावर वस्तूंच्या नुसत्या सावल्या पाडल्या; स्थिर सावली सपाट वाटे, पण वस्तू फिरविताच तीच सावली घन वाटू लागे. रेणुचित्रणाला हे तत्त्व फार लवकर उपयोगी पडले. १९६० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेत सायरस लेव्हिन्थाल यांनी प्रथिनांचे रेणू संगणकाच्या पडद्यावर आणले, तेव्हा पाहणाऱ्याच्या हाताखाली एक गोलाकार साधन असे. ते हलविले की त्या दिशेने पडद्यावरील रेणू फिरे.

या साधनातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याचा हात गोलावर आहे, त्याला रेणू कोण फिरवीत आहे हा प्रश्न कधीच पडत नाही. फिरविणारा तो स्वतःच असतो. परंतु तीच हालचाल वर्गातील पडद्यावर साठ जणांपुढे आली की फिरविणारा हात अदृश्य होतो. उरते ती केवळ हालचाल, आणि ती कोणाची हे प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनाने ठरवितो. आपल्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

३. कर्ता कोण?

मराठी भाषेने या बाबतीत आपल्याला एक चांगले साधन दिले आहे. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत: फिरणे आणि फिरविणे, तुटणे आणि तोडणे, जुळणे आणि जुळविणे, दिसणे आणि दाखविणे. जोडीतील पहिले क्रियापद क्रिया वस्तूच्या ठिकाणी घडते एवढेच सांगते. दुसरे ती घडवून आणणारा कोणी वेगळा आहे असे सांगते. कर्त्याचे लक्षण म्हणून पाणिनीने स्वातंत्र्य सांगितले आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. काही क्रियापदे मात्र दोन्हीकडे चालतात. 'काठी मोडली' या वाक्यात काठी आपोआप मोडली की कोणी मोडली, हे केवळ वाक्यावरून कळत नाही. निवेदनात 'बंध मोडतो' असे लिहिले की हीच संदिग्धता रसायनशास्त्रात शिरते: बंध उष्णतेने मोडला, दुसऱ्या रेणूने मोडला, की आकृती सोपी करण्यासाठी अध्यापकाने मोडून दाखविला?

पडद्यावरील प्रत्येक हालचाल हे एक क्रियापद आहे असे मानले, तर तिच्या कर्त्याच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात कर्ता पाहणारा असतो. रेणू जागच्या जागी आहे, आपण त्याच्याभोवती फिरतो. दुसऱ्या वर्गात कर्ता स्वतः रेणू असतो. त्याचा एखादा भाग वळतो, एखादा अणू स्थान बदलतो, बंध तुटतो किंवा जुळतो. तिसऱ्या वर्गात कर्ता समजावून सांगणारा असतो. तो एखादा भाग उजळ करतो, झाकतो, बाण दाखवितो. या तीन प्रकारच्या हालचाली परस्परांपासून वेगळ्या ओळखता आल्या की चित्र स्पष्ट होते. त्यांची सरमिसळ झाली की चित्र कितीही देखणे असले तरी ते चुकीचे विधान करते.

४. पाहणाऱ्याची हालचाल

आरंभी सांगितलेल्या प्रसंगातील चूक आता उलगडून सांगता येईल. रेणूच्या मागे जाऊन पाहिले, तर दोन बदल एकाच वेळी होतात. डावीकडचे उजवीकडे जाते, आणि त्याचबरोबर पुढचे मागे जाते. म्हणजे पाचरीच्या जागी तुटक रेघ यावयास हवी. तयार इफेक्टला मात्र पाचर म्हणजे काय हे ठाऊक नसते. तो आकृतीला कागद समजून पालटतो. डावे-उजवे बदलते, पण पाचर पाचरच राहते. दोहोंपैकी एकच बदल झाल्यामुळे आकृती मूळ रेणूची न राहता त्याच्या प्रतिबिंबाची होते. अध्यापकांनी कर्ता म्हणून पाहणाऱ्याला योजिले होते. प्रत्यक्षात रेणू बदलला. यावरून पहिला नियम निघतो: पाचरी असलेली सपाट आकृती कधीही पालटू नये. मागची बाजू दाखवावयाची असेल तर अणूंची तिन्ही मितींतील स्थाने देऊन रेणूच फिरविला पाहिजे, किंवा पाचरी बदललेली दुसरी आकृती शेजारी मांडली पाहिजे.

दुसरा धोका मधल्या अवस्थांचा आहे. आरंभीची व अखेरची स्थिती देऊन मधले टप्पे संगणकाकडून भरून घेण्याची सोय आज सर्वांच्या हाताशी आहे. ही सोय बहुधा प्रत्येक बिंदूला सरळ रेषेत नेते. परंतु फिरणारा अणू सरळ रेषेत जात नाही, तो वर्तुळाच्या कंसावरून जातो. ९० अंशांचे फिरणे अशा सोयीने दाखविले, तर मध्यावर अणूचे अक्षापासूनचे अंतर मूळच्या सुमारे ७१ टक्के इतकेच राहते. १८० अंशांचे दाखविले, तर मध्यावर सर्व अणू अक्षावर येऊन कोसळतात. रेणू आकसतो आणि पुन्हा फुलतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की ही रेणूचीच काही क्रिया आहे. उजव्या रूपापासून डाव्या रूपापर्यंत असा प्रवास दाखविला, तर अनर्थ आणखी वाढतो. वाऱ्याने छत्री उलटावी तसा कार्बन सपाट होऊन पलीकडे उलटलेला दिसतो. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनच्या बाबतीत असे उलटणे खरोखर घडते. टार्टारिक अम्लातील कार्बनच्या बाबतीत ते घडत नाही. तेथे बंध तुटून पुन्हा जुळल्यावाचून उजव्याचा डावा होत नाही.

तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तारांची आकृती समांतर प्रक्षेपाने, म्हणजे जवळचे मोठे व दूरचे लहान न करता, फिरविली तर पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे डोळ्याला ठरविता येत नाही. एकाला ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते, दुसऱ्याला उलट दिशेने. आणि ज्याला ती उलट फिरताना दिसते, त्याला रेणूचे प्रतिबिंबरूप दिसत असते. एकाच बाकावरील दोघे एकाच पडद्याकडे पाहून दोन भिन्न रेणू पाहतात, आणि दोघांनाही आपल्या चुकीची जाणीव होत नाही. म्हणून पुढच्या अणूने मागच्याला झाकावे, दूरचा भाग फिकट व्हावा, जवळचा मोठा दिसावा, एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

५. रेणूची स्वतःची हालचाल

आता मेसो टार्टारिक अम्ल घेऊ. त्याच्या नेहमीच्या नागमोडी आकृतीत दोन अर्ध परस्परांची प्रतिबिंबे आहेत हे चटकन दिसत नाही. मधल्या कार्बन-कार्बन बंधाभोवती एक अर्ध १८० अंशांनी वळविला, की अम्लगटासमोर अम्लगट, हायड्रॉक्सिलसमोर हायड्रॉक्सिल आणि हायड्रोजनसमोर हायड्रोजन येतो, आणि दोहोंमध्ये जणू आरसा उभा असल्याचे स्पष्ट होते. हे वळणे रेणूचे स्वतःचे आहे; एकेरी बंधाभोवती असे वळण सामान्य तापमानालाही सतत चालू असते. मात्र पडद्यावर ते पाहणाऱ्याच्या फिरण्यापासून वेगळे दिसले पाहिजे. त्याची खूण सोपी आहे: पाहणारा फिरतो तेव्हा सर्व अणू एकदम फिरतात, रेणू वळतो तेव्हा एक भाग स्थिर राहतो. म्हणून ही दोन फिरणी एकाच वेळी कधीही दाखवू नयेत. प्रथम रेणू शांत ठेवावा, मग एक अर्ध वळवावा, मग पुन्हा शांत ठेवावा.

सांगलीच्या पेठेतील हळदीतही रेणूच्या स्वतःच्या हालचालीचे एक उदाहरण आहे. हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कुर्कुमिनमुळे येतो. त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. या लांबट रेणूच्या मध्यभागी दोन ऑक्सिजन अणू जवळजवळ असतात, आणि त्यांच्यामध्ये एक हायड्रोजन असा अडकलेला असतो की तो कधी एकाचा तर कधी दुसऱ्याचा म्हणता येतो. हा हायड्रोजन इकडून तिकडे जाताना दाखविणे योग्यच आहे, कारण तेथे एक अणू खरोखर हलतो. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक आहे. कुंकवाचा एक प्रकार असाच करीत आले आहेत. चुन्यासारख्या अल्कलीच्या सान्निध्यात रेणू आपला हायड्रोजन सोडून देतो, त्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. येथे कर्ते दोन आहेत. चुना हायड्रोजन काढून घेतो आणि रेणू तो सोडतो. चलचित्रात हायड्रोजन आपोआप उडून जाताना दाखविला, तर पहिला कर्ता गाळल्यासारखे होते.

याउलट, जेथे हालचाल नाहीच तेथे ती दाखविणे ही सर्वांत मोठी चूक होय. बेंझिनच्या वलयातील एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने जागा बदलत आहेत असे चित्र पुष्कळदा दाखविले जाते. १८७२ मध्ये केकुले यांनी स्वतःच अशा आंदोलनाची कल्पना मांडली होती. परंतु आज आपल्याला ठाऊक आहे की वलयातील सहाही बंधांची लांबी सारखीच, सुमारे १.३९ आंगस्ट्रॉम, असते. कागदावरील दोन आकृती म्हणजे रेणूच्या दोन अवस्था नव्हेत; एकाच अवस्थेचे ते दोन अपुरे वर्णन आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर रेझोनन्स हे क्रियापद नसून विशेषण आहे. विशेषण हलवून दाखविता येत नाही. कुर्कुमिनमधील हायड्रोजनचे जाणे-येणे आणि बेंझिनमधील ही स्थिती यांना एकाच इफेक्टने दाखविले, की विद्यार्थ्याच्या मनात दोहोंतील भेद कायमचा पुसला जातो.

६. सांगणाऱ्याची हालचाल

तिसऱ्या वर्गातील हालचाली सर्वांत निरुपद्रवी वाटतात, परंतु तयार इफेक्टांचा भरणा येथेच असतो. हायड्रॉक्सिल गटाकडे लक्ष वेधावे म्हणून तो पडद्याच्या कडेने उडत आणला, तर पाहणाऱ्याला तो बाहेरून येऊन रेणूला जोडला गेला असे वाटते. गट उसळविला, तर तो कंप पावत आहे असे वाटते. रंग बदलला, तर मूलद्रव्यच बदलल्याचा भास होतो, कारण ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, कार्बन काळा किंवा करडा हा संकेत विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणून सांगणाऱ्याने रेणूला हात न लावता बोलावे. बाकीचा भाग फिकट करावा, भोवती वर्तुळ काढावे, बाण ठेवावा. आणि हे सर्व चालू असताना रेणू पूर्ण स्थिर असावा.

सांगलीला या भूमिकेची ओळख जुनी आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी येथे 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यात सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पद्ये गात कथानक सांगे, आणि पात्रे त्याप्रमाणे आपापली कामे करीत. प्रेक्षक सूत्रधाराला पात्र समजत नसत आणि पात्राला सूत्रधार समजत नसत. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. रेणूच्या चलचित्रातही निवेदकाने आपली जागा अशीच राखली पाहिजे.

७. एक साधी कसोटी

या सर्व विवेचनातून एक व्यवहार्य कसोटी हाती येते. कोणताही इफेक्ट योजण्यापूर्वी, तो काय सांगतो हे एका मराठी वाक्यात लिहावे, आणि त्या वाक्यात कर्ता स्पष्ट असावा: 'आपण रेणूच्या डाव्या बाजूस जातो', 'रेणूचा उजवा अर्ध वळतो', 'मी हा गट दाखवितो'. वाक्य असे लिहिता आले, तर इफेक्ट कर्त्याच्या वर्गाप्रमाणे निवडावा आणि तेच वाक्य निवेदनात बोलावे. कर्ता सापडत नसेल, तर तो इफेक्ट वगळावा. त्याने फक्त पडद्याची शोभा वाढेल. 'फिरविले जाते', 'दर्शविले जाते' अशा कर्मणी रचना आपल्या शास्त्रीय लेखनात फार आहेत. त्या शिष्टसंमत असल्या तरी कर्ता लपविण्याची सोय करून देतात, म्हणून निवेदनात त्या शक्यतो टाळाव्यात.

उपर्युक्त वर्गातील स्लाइड आमच्या स्नेह्यांनी पुढे याच कसोटीवर तपासल्या. बावीसपैकी नऊ इफेक्ट वगळले गेले. पालटणारी आकृती गेली. तिच्या जागी त्यांनी गोळ्या-काड्यांची दोन प्रतिकृती वर्गात फिरविण्यास दिली, आणि पडद्यावर रेणू हळूहळू, एकाच अक्षाभोवती फिरविला. ज्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने या वेळी दोन्ही प्रतिकृती हातात घेऊन बराच वेळ त्या एकमेकींवर बसविण्याचा प्रयत्न केला. त्या बसल्या नाहीत. 'कितीही फिरवा, हा तो होत नाही,' असे ती शेजारणीला म्हणाली. त्या वाक्यातील 'फिरवा' आणि 'होत नाही' या दोन क्रियापदांचे कर्ते भिन्न आहेत, आणि ते तिला नेमके कळले होते.